टपाची गाडी

आमच्या घरी मोटार आहे असे कुणाला सांगितले, की ऐकणारा प्रथम माझ्या चपलांकडे पाहतो आणि मग तोंडाकडे. त्या बिचाऱ्याचे काही चुकत नाही. शाळेत चित्रकला शिकवावी, उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहाव्या आणि शिक्षण विचारले तर मॅट्रिक अधिक ड्रॉइंगचा डिप्लोमा एवढेच सांगता यावे, अशा माणसाने मोटार बाळगणे थोडे आगाऊपणाचेच दिसते. हल्ली कर्ज काढून मोटारी घेणारे मास्तर पुष्कळ झाले आहेत; परंतु आमची मोटार कर्जाची नव्हे. ती आमच्या वडिलांच्या थकलेल्या पगाराची आहे. १९३६ सालची मॉरिस एट, चार आसनांची, टपाची. टप म्हणजे टांग्याला असतो तसाच, कापडी. हवा छान असली की मागे पाडावा, पाऊस आला की पुढे ओढावा. आमचा टप पाऊस येऊन गेल्यावर पुढे येतो, एवढाच काय तो फरक.

ही गाडी देऊन दुसरी एक गाडी घ्यावी की घेऊ नये, या विचारात गेल्या उन्हाळ्यात तीन आठवडे माझी झोप उडाली होती. पैशाचा व्यवहार त्यात नव्हता. असता तर बरे झाले असते. पैशाच्या व्यवहारात माणूस घासाघीस करतो, दमतो आणि शेवटी "चला, सुटलो" म्हणतो. अदलाबदलीत दोन वस्तू समोर उभ्या असतात आणि दोन्ही आपल्याकडे बघत राहतात.

आधी मॉरिसची हकिगत सांगितली पाहिजे. आबा, म्हणजे आमचे वडील, कोल्हापूरच्या उद्यमनगरात टर्नर होते. उसाचे चरक आणि नदीविहिरींचे पाणी उपसणारी ऑइल इंजिने यांच्या सुट्या भागांवर ज्या उद्यमनगराने नाव मिळवले, त्यातल्याच एका वर्कशॉपात लेथवर उभे राहून त्यांनी उमेदीची वर्षे काढली. माझ्या जन्माआधी दोन वर्षे ते वर्कशॉप बुडाले. सहा महिन्यांचा पगार मालकांकडे अडकला होता. मालकांनी आबांना शेडच्या मागे नेले, गोणपाट दूर केले आणि म्हणाले, "एवढंच उरलंय बघा." गोणपाटाखाली मॉरिस होती, आणि तिच्या मागच्या आसनावर एक कोंबडी अंडी उबवत बसली होती. पिले बाहेर पडेपर्यंत आबा थांबले आणि मग बैलजोडी लावून त्यांनी गाडी घरी आणली, असे आई सांगत असे. पिलांचे पुढे काय झाले ते मात्र तिने कधी सांगितले नाही.

बैलांनी ओढून आणलेली मोटार चालती करायची तर सुटे भाग हवेत. ते कुठून आणायचे? जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला मोटारी जोडण्याचा कारखाना काढला होता. तो १९५४ मध्ये बंद झाला, आणि फोर्डनेही त्याच सुमारास इथला गाशा गुंडाळला. परदेशी गाड्यांची आयात जवळजवळ थांबली. मॉरिस घराण्यातली पुढची पिढी हिंदुस्थान मोटर्सने इकडे बांधली, १९५७ पासूनची आपली अँबेसडर ही त्याच घराण्यातली लेक. पण आमच्या मॉरिसला त्या भावकीचा काही उपयोग नव्हता. एकाचा नट दुसरीला बसेल तर शपथ! तेव्हा जो भाग मोडेल तो आबा स्वतः करीत. दुसऱ्या वर्कशॉपात नोकरी लागली होती. तिथली पाळी संपल्यावर, मालकाच्या परवानगीने, उरलेल्या भंगारातून. पिस्टन भलत्याच इंजिनाचे आणून ते मापात उतरवलेले. रेडिएटरची जाळी बागल चौकाकडच्या एका कारागिराने विणलेली. टप मंडपवाल्याच्या शिंप्याने शिवलेला, त्यामुळे पहिली काही वर्षे त्याच्या आतल्या बाजूला कुणाच्या तरी लग्नाची झालर होती.

मला या गाडीची लाज वाटे हे कबूल केले पाहिजे. शाळेच्या फाटकाशी ती हमखास बंद पडे आणि माझ्याच वर्गातली मुले ती ढकलत. "एक, दोन, तीन, हेऽऽ" असा जो गलका होई, तो आजही कानात आहे. आणि त्याहून लाज वाटे ती दगडाची. आईच्या मांडीवर गाडीत नेहमी एक दगड असे. इतर बायका मांडीवर डबा घेऊन प्रवासाला निघतात. आमची आई दगड घेऊन निघे. मॉरिसला तेलाचे ब्रेक आहेत, १९३६ साली स्वस्त गाडीत ती चैन होती. परंतु आमच्याकडे येईतो ती चैन संपली होती. पन्हाळ्याला जाताना वाघबीळच्या पुढे चढ लागला की इंजिन धापा टाकू लागे. मग आई उडी मारून खाली उतरे, गाडीच्या बरोबरीने चालू लागे, आणि गाडी मागे सरते आहे असे दिसताच तो दगड नेमका मागच्या चाकाखाली ठेवी. हे काम तिच्याइतके सफाईने कुणालाच जमले नाही. पुढे आबांनी ब्रेकचे सिलिंडर नवे बसवले, ब्रेक उत्तम लागू लागले, तरी दगड राहिला. आई जाऊन सहा वर्षे झाली. दगड अजून पुढच्या आसनाखाली आहे.

आता दुसरी गाडी. गेल्या दसऱ्याला, छत्रपती घराण्याची मेबॅक मोटार दसरा चौकात यायच्या वेळी, मी घरच्या मंडळींना घेऊन मॉरिसने तिकडे निघालो आणि सगळ्या गर्दीच्या मध्यभागी ती नेहमीप्रमाणे बंद पडली. ढकलायला जे लोक पुढे आले, त्यांत एक पांढऱ्या टोपीचे गृहस्थ होते. त्यांनी ढकलले नाही. ते गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालून म्हणाले, "सर, ही द्यायची झाली तर आधी मला सांगा." हे गृहस्थ हातकणंगल्याकडचे मोठे बागायतदार. त्यांना जुन्या गाड्यांचा नाद. शेडमध्ये पाच गाड्या झाकून ठेवलेल्या. त्यांच्याकडे मॉरिस एट तेवढी नव्हती.

चैत्रात त्यांचा निरोप आला. पैसे देऊन मास्तर गाडी विकणार नाहीत हे त्यांनी ओळखले असावे. त्यांनी अदलाबदल सुचवली. तुमची मॉरिस मला द्या, माझी हॉट रॉड तुम्ही घ्या.

हॉट रॉड म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हते. शब्दावरून मला ते सळईचे काहीतरी काम वाटले. त्यांनी मळ्यावर बोलावले, शेडचे दार सरकवले, आणि मी पाहतच राहिलो. मूळची ती १९३० नंतरच्या काळातली फोर्ड, हे नाकावरून तेवढे कळत होते. बाकी सगळे बदललेले. मडगार्ड नाहीत, बॉनेट नाही. इंजिन चक्क उघड्यावर, अपघातात सापडलेल्या एका जपानी गाडीचे, सहा सिलिंडरचे. छप्पर चार इंच कापून खाली बसवलेले. पुढची चाके बारीक आणि मागची दांडगी, त्यामुळे सगळी गाडी उडी घेण्यापूर्वी मांजर बसते तशी पुढे झुकलेली. रंग पिकलेल्या जांभळाचा. नाकापासून शेपटीपर्यंत एकच रेघ होती. एका दमात ओढलेली, कुठे खोडलेली नाही. चित्रकलेच्या मास्तराला रेघ कळते. आणि ही रेघ मी आधी कुठेतरी पाहिली होती.

मी मागे गेलो. कोल्हापुरात गाडीच्या मागे काहीतरी लिहिलेले नसेल तर ती गाडी नव्हे. इथे सुबक देवनागरीत दोनच शब्द होते : "विषय सोडून."

इतक्यात शेडच्या कोपऱ्यातून हात पुसत एक तरुण पुढे आला आणि माझ्या पाया पडला. "वळखलं का सर? तुमचीच अक्षरं हायती ती."

ओळखले. वीस वर्षांपूर्वी हा माझ्या वर्गात होता. एलिमेंटरीच्या परीक्षेची तयारी चालू होती, स्मरणचित्राला मी 'आठवड्याचा बाजार' हा विषय दिला होता. याने भाजीवाल्या, तराजू, म्हशी सगळे कोपऱ्यात ढकलून कागदाच्या मधोमध एक मोटार काढली होती. बॉनेट नसलेली, मागची चाके मोठी. मी तिच्यावर तांबड्या पेन्सिलीने "विषय सोडून" असा शेरा मारला, शून्य दिले, आणि वहीच्या मागच्या पानांवरही तसल्याच मोटारी सापडल्यावर त्याला बाकावर उभे केले. पुढे तो मॅट्रिकला दोनदा बसला आणि नंतर एका गॅरेजात राहिला. आज त्याचे स्वतःचे गॅरेज आहे. बागायतदारांच्या सांगण्यावरून ही गाडी त्याने बांधली. तीन वर्षे लागली.

"राग न्हाई न्हवं सर?" तो म्हणाला. मी काय बोलणार? मी रेघेकडे बघत राहिलो.

मग त्याने मला गाडीत बसवले. आसने दोनच. मळ्याच्या खाजगी रस्त्याला दोन्ही बाजूंनी ऊस, समोर दीड मैल सरळ वाट. त्याने मला चालवायला दिली. मी आयुष्यभर मॉरिस चालवलेली. तिच्यात पाय दाबला की गाडीला विचार करायला वेळ लागतो. इथे पाय नुसता टेकवला आणि ऊस हिरवा उरलाच नाही, एक पट्टा झाला. पाठ आसनाला चिकटली. मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, पण जे ओरडलो ते शाळेत ओरडण्यासारखे नव्हते. परत आलो तेव्हा माझ्या केसांत उसाचा पाला होता आणि हात कापत होते. शेहेचाळीस वर्षांच्या माणसाने असे बोलू नये, पण मला ती गाडी हवी होती. पोराला पतंग हवा असतो तशी हवी होती.

घरी आल्यावर मी त्या विद्यार्थ्याकडून या हॉट रॉडचे कुळ समजून घेतले आणि थोडे वाचलेही. ही मूळची अमेरिकेतली, दक्षिण कॅलिफोर्नियातली चीज. तिकडे पाणी आटून गेलेली सरोवरे आहेत, मैलन् मैल सपाट, टणक जमीन. १९३० च्या दशकात तरुण पोरे जुन्या, स्वस्तात मिळालेल्या गाड्या घेऊन तिथे जात आणि शर्यती लावीत. वजन कमी व्हावे म्हणून मडगार्ड काढ, दिवे काढ, बॉनेट काढ. १९३२ साली फोर्डने आठ सिलिंडरचे, ६५ अश्वशक्तीचे इंजिन साध्या माणसाच्या गाडीत आणून बसवले आणि या पोरांना पर्वणीच लाभली. १९३७ मध्ये त्यांच्या क्लबांनी मिळून एक संघटना केली, शर्यतींना नियम आले. मग महायुद्ध झाले. युद्धावरून परतलेली मुले विमाने आणि रणगाडे दुरुस्त करून आलेली, हाताला कसब आणि खिशात थोडे पैसे. हा नाद वणव्यासारखा पसरला. जानेवारी १९४८ मध्ये 'हॉट रॉड' नावाचे मासिकच निघाले, आणि पुढच्या वर्षापासून युटा राज्यातल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर त्यांचा वेगाचा उरूस भरू लागला.

हे वाचताना मला एकाएकी हसू आले. एका गाडीत दुसरीचे इंजिन घालायचे, तिसरीची चाके, चौथीचा आस. हे अमेरिकेने शोधून काढले म्हणून सांगतात! १९७३ साली तेलाचे भाव भडकल्यावर आपल्याकडे काय झाले? मोठमोठ्या अमेरिकन गाड्या, एका लिटरला मोजके मैल देणाऱ्या, मालकांना पोसवेनात. मग मिस्त्री लोकांनी त्यांची पोटे फाडून आत डिझेल इंजिने बसवली. हत्तीला बैलाचे काळीज. तिकडची पोरे गाडी वेगाने पळावी म्हणून जे करीत होती, तेच इकडचे मिस्त्री ती हळू का होईना पण परवडावी म्हणून करीत होते. शस्त्रक्रिया तीच, नवस मात्र उलटा.

असा विचार मनात घोळत असतानाच बागायतदार मॉरिस तपासायला आले. येताना हॉट रॉडही घेऊन आले, म्हणजे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर घालून. ताशी शंभर मैलांची गाडी आमच्या दारी ताशी दहा मैलांनी पोहोचली. याचे कारण कायदा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम असे, की कारखान्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारे फेरफार मालकाने गाडीत करू नयेत. आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही त्याचा तसाच कडक अर्थ लावला. त्यामुळे ती सुंदर गाडी मळ्यातच पळते. बागायतदार म्हणाले, "कागदाचं बघू की सर, काय तरी निघंल." मी वर्गात नागरिकशास्त्राचाही तास घेतो. पण खरे सांगायचे तर त्या क्षणी मला नागरिकशास्त्र अगदीच नीरस वाटले.

मॉरिससाठी मात्र सरकारने वाट काढून ठेवलेली आहे. जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी निघाली. नंबरात 'व्हीए' ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे. रोजच्या वापराला ती गाडी काढायची नाही. प्रदर्शन, जुन्या गाड्यांची रॅली, असे काही असले तर काढायची. आणि अट अशी, की गाडी मूळ स्वरूपात असली पाहिजे, तिच्यात मोठा फेरबदल झालेला नसावा.

"म्हणून बघायला आलोय," असे म्हणत बागायतदारांनी माझ्याकडे खडू मागितला. मास्तराच्या घरी खडूला तोटा नाही. जो भाग मूळचा नाही त्याच्यावर ते फुली मारू लागले. टप, फुली. रेडिएटर, फुली. पेट्रोलची टाकी, फुली. आसने, पायाखालच्या फळ्या, सायलेन्सर, फुली, फुली, फुली. बॉनेट उघडले आणि आत तर त्यांनी खडू आडवाच फिरवला. वही तपासणारा मी, पण असा निर्दय परीक्षक मी कधी झालो नाही. झालो होतो म्हणा, एकदा. शेवटी त्यांनी पुढच्या आसनाखाली हात घातला आणि दगड बाहेर काढला. "हे काय?" मी म्हणालो, "आईचा आहे." त्यांना काय कळले कोण जाणे, त्यांनी त्याच्यावरही एक लहानशी फुली मारली आणि तो जिथल्या तिथे ठेवला.

माणूस जाणकार होता, यात शंका नाही. पुढच्या दोन दिव्यांशी येऊन ते थबकले. दिव्यांच्या काचेभोवतीच्या चकचकीत कड्यांवरून त्यांनी बोट फिरवले. "हे बघा सर. नव्वद वर्षं होत आली, पण कडी कशी आहेत! कंपनीचं काम म्हणजे काम. हे ओरिजिनल. बाकीचं सगळं काढून टाकू, विलायतेहून मागवू, आणि जशी कारखान्यातून निघाली तशी करू."

आबा इतका वेळ कुठे होते? मला वाटले होते, ते पडवीत बसून हे सगळे पाहत असतील आणि त्यांच्या मनाला काय वाटत असेल. कादंबरीकाराला अशा वेळी बापाच्या डोळ्यांत पाणी दिसते. प्रत्यक्षात आबा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, ट्रॉलीवर चढून त्या हॉट रॉडच्या खाली उताणे पडले होते. फक्त पाय बाहेर दिसत होते. माझा विद्यार्थी बॅटरी धरून शेजारी आडवा. आतून आवाज येत होता, "आरं, हितं जोड कुठं दिलास? दिसंना की! काय येल्डिंग हाय लेका. कुणाकडं शिकलास?" बऱ्याच वेळाने ते बाहेर आले, पाठीला ट्रॉलीतला उसाचा चोथा लागलेला, आणि मला म्हणाले, "मास्तर, देऊन टाक ती मॉरिस. हे घे. हे काम हाय."

सौभाग्यवती दाराशी उभी होती. ती हळूच म्हणाली, "आणि त्या दोन खुर्च्यांच्या गाडीत मी बसायचं कुठं?" ती एकटीच त्या दिवशी शुद्धीवर होती असे आता वाटते. बागायतदारांना मी आठवड्याने कळवतो म्हणून सांगितले.

त्या रात्री अंगणात आबा आणि मी बसलो होतो. फुल्या मारलेली मॉरिस चांदण्यात एखाद्या नापास पोरासारखी उभी होती. आबांनी विचारले, "किती काढल्या त्यानं?"

"सतरा. दगडासकट अठरा."

आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग खुदकन हसले. "एक ऱ्हायली की त्याची."

"कुठली?"

"डाव्या दिव्याचं कडं. तू चौथीत हुतास तवा फुटलं, म्हशीनं शिंग मारलं. पितळंचा तुकडा लेथवर चढिवला, उजव्याचं माप घिऊन काढलं, आन् निकेल चढवून आणलं. चार रात्री गेल्या." त्यांनी हात पुढे केला आणि अंधारात ते कडे धरल्यासारखी बोटे वळवली. आता ती बोटे थरथरतात; चहाची बशी धरता येत नाही. "उजवं कंपनीचं, डावं माजं. त्याला कळ्ळं न्हाई!"

एवढा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मी आईच्या माघारी पाहिला नव्हता. माझ्या पहिल्या कादंबरीला बक्षीस मिळाले तेव्हाही ते "बरं झालं" एवढेच म्हणाले होते.

मी आत जाऊन पडलो. झोप कसली येते! एकीकडे ती जांभळी गाडी, तिची रेघ, आणि त्या रेघेवर मी मारलेला तांबडा शेरा. ती घेतली असती तर त्या पोराचे शून्य मी पुसले असते, निदान मला तसे वाटले असते. दुसरीकडे सतरा फुल्या. बागायतदार जे 'मूळचे नाही' म्हणून उचकटून काढणार होते, ते सगळे मिळून तर आबा होते. उरणार काय? १९३६ साली विलायतेत कुणीतरी केलेला पत्रा. त्यांच्या हातून ती गाडी नक्कीच देखणी झाली असती, कारखान्यातून निघाली तशी. पण कारखान्यातून निघालेली मॉरिस मी पाहिलेलीच नाही. मला माहीत असलेली मॉरिस उद्यमनगरातून निघाली होती.

सकाळी उठून मी हातकणंगल्याची एसटी धरली. अदलाबदल करायची असो वा नसो, कड्याची गोष्ट त्यांना सांगणे भाग होते. परीक्षकाची चूक लक्षात आली आणि आपण गप्प बसलो, तर तो फसवणुकीचाच प्रकार. बागायतदारांनी ऐकून घेतले, मनापासून हसले आणि म्हणाले, "आबांनी फसवलं की मला! बरं झालं सांगितलंत. मग तेही काढू. विलायतेहून जोडीच मागवू."

'तेही काढू' हे शब्द ऐकले आणि माझा निर्णय झाला. मी विचार करून तो केला असे म्हणवत नाही. तोंडून निघून गेले, "नको. राहू दे आमची आम्हाला." त्यांनी आग्रह केला नाही. चहा दिला, चार ऊस बांधून दिले आणि एसटीपर्यंत माणूस सोबत पाठवला.

आबा मात्र माझ्यावर चांगलेच रागावले. "तुला येव्हार कळत न्हाई. लोखंड हाय ते. मी परत केलं असतं." काय परत केले असते, आणि कोणत्या हातांनी, ते मी विचारले नाही. आठ दिवस त्यांनी माझ्याशी अबोला धरला. पुढे बागायतदारांनी ती हॉट रॉड दुसऱ्या एका कामाच्या मजुरीत माझ्या विद्यार्थ्यालाच देऊन टाकली. ती त्याच्या गॅरेजात उभी असते. दर रविवारी मी आबांना मॉरिसमधून तिकडे नेतो. ते स्टुलावर बसतात, त्याने काही जोडलेले असले की बोटाने चाचपून पाहतात आणि चुका काढतात. तो चुका दुरुस्त करतो. मी तेवढ्या वेळात गॅरेजाच्या भिंतीशी बसून त्या जांभळ्या गाडीची चित्रे काढतो. ती रेघ मला अजून एका दमात जमलेली नाही.

यंदा खंडेनवमीला मुलीने मॉरिस धुऊन काढली. फुल्या पावसाळ्यात बहुतेक गेल्याच होत्या. ती हार घालत होती तेवढ्यात माझा विद्यार्थी आला. दसरा दुसऱ्या दिवशी होता, म्हणजे सोने द्यायला तो आला नव्हता. जरा घुटमळला, मग आबांजवळ उकिडवा बसला.

"आबा, बागायतदारांना बेळगावाकडं एक मॉरिस घावलीय. छत्तीसचीच. सगळं ओरिजिनल हाय म्हणत्यात."

"मग?"

"डाव्या दिव्याचं कडं न्हाई तिला. विलायतेहून आलेलं बसंना. म्हणाले, आबांकडं माप आसंल तर बघ."

आबा उठले. आत गेले. पत्र्याच्या ट्रंकेत बराच वेळ खुडबुड चालली होती. बाहेर आले तेव्हा हातात पत्र्याचा एक गंजलेला फर्मा होता, अर्धचंद्राच्या आकाराचा, कडेला खिळ्याने ओरखडलेले आकडे. तो त्यांनी पोराच्या हातात दिला, पण लगेच सोडला नाही.

"तूच काढ लेथवर, मी बसतो जवळ," ते म्हणाले. "आन् त्यांना सांग, निकेल दोन हात द्या म्हणावं. एका हातात वळखू येतं."